सोडावाल्याचो झील

पहिल्यांदा बारमध्ये गेलो तेव्हा मी दुसरीत होतो. १९८७ साल. मे महिन्याची सुट्टी, बाबांचा तीनचाकी टेम्पो, मागे सोड्याच्या बाटल्यांचे लाकडी खोके आणि त्या खोक्यांवर मी. बार कसला, वेंगुर्ला बंदरावरची एक कौलारू, लांबट खोली. ती मी पुढून कधी पाहिलीच नाही. आम्ही मागच्या दाराने जायचो. तिथे माशांची खवलं पडलेली मोरी, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, ती टोच्याने फोडणारा एक उघडाबंब माणूस, आणि चुलीवर कसलं तरी तिखलं रटरटत असायचं. बाबा भरलेले खोके आत द्यायचे, रिकामे बाहेर घ्यायचे, वहीत आकडा टाकायचे आणि निघायचे. आतून हसण्याचे, भांडणाचे, कधी चक्क गजर म्हटल्याचे आवाज यायचे. पडद्यापलीकडे काय चाललंय म्हणून विचारलं की बाबा म्हणायचे, "माणसां बसलीहत."

आमचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना हा शब्द बाबांचा. प्रत्यक्षात पडवीत एक लोखंडी पिंजरा, त्याला हँडल, शेजारी कोल्हापुराहून येणारा गॅसचा सिलिंडर. पाणी भरलेल्या बाटल्या पिंजऱ्यात अडकवायच्या, गॅस सोडायचा आणि हँडल फिरवत पिंजरा गरगरा उलटापालटा करायचा. बाटली उलटी झाली की आतली गोटी घरंगळत तोंडाशी येते, आणि गॅसच्या दाबाने रबरी वायसरला अशी घट्ट बसते की मग ती अंगठ्यानेच खाली लोटावी लागते. एखादी बाटली फुटायची. बाबांच्या डाव्या भुवईत केस उगवत नाहीत, ती जागा १९८३ सालच्या अशाच एका बाटलीची.

बाबा माळकरी. मासे नाहीत, मटण नाही, दारू तर नाहीच. आणि धंद्यातला पाऊणहिस्सा सोडा जायचा बारांना. गावात यावरून चेष्टा व्हायची. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "मी सोडो इकतंय. तेत ते काय घालतत ता मी बघूक जातंय?" आषाढी एकादशीला बार बंद, म्हणजे बाबांना सुट्टी, म्हणजे दिवसभर देवळात. पांडुरंगाने आणि सरकारने मिळून हे छान जमवलं होतं. कारखाना १९७८ ते २००३ चालला. मग प्लास्टिकच्या बाटलीतला कंपनीचा सोडा आला. त्याला परत द्यायचा रिकामा खोकाच नसतो, मग खोक्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं तिथे काय काम.

यंदा नोव्हेंबरात आठ दिवस घरी गेलो होतो. माळा आवरताना एक वही सापडली, १९९३ ते ९५ची. पहिल्याच पानावर अकरा गिऱ्हाइकं. एकाही बारचं नाव नाही. एक सोडून सगळ्यांना बाबांनी जागेनेच ओळखलेलं: बंदर, स्टँड, कॅम्प, मठ, परुळे, कुडाळ हायवे, झाराप हायवे, बांदा, शिरोडा, काकी, आरोंदा. पुढे तीन रकाने. भरले, रिकामे, येणे. मी बाबांना म्हटलं, यातले किती शिल्लक आहेत बघून येऊ का? बाबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी घेतो हे त्यांना माहीत आहे. बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "बंदरार चोवीस रिकाम्यो बाटल्यो येणे आसत."

तर या वेळी मी पुढच्या दाराने जाणार होतो. बंदरावरचा तो बार अजून आहे. कौलं जाऊन पत्रे आलेत, भिंतीला गुलाबी ऑइलपेंट, आणि दाराला तोच आखूड पडदा, ज्याखालून फक्त आतल्या माणसांचे पाय दिसतात. आमच्याकडे माणूस बारमध्ये आहे की नाही हे चपलांवरून कळायचं. आत सात टेबलं. काउंटरमागे आता मुलगा बसतो. त्याचंच वय पंचावन्न. म्हातारे मालक सकाळचा एक तास गल्ल्यावर येतात, उदबत्ती लावतात आणि घरी जातात. माझ्या नशिबाने ते उदबत्ती लावायच्या बेतात होते.

"कोण रे तू?"

"सोडावाल्याचो झील."

त्यांनी काडी विझवली. मला वर-खाली पाहिलं. "मेल्या, मगे फुडच्या दारान कित्याक इलंस?"

सकाळचे साडेदहा वाजले होते. दोन टेबलांवर माणसं होती. नुसती गप्प बसलेली, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढून आलेली. त्यांच्यापुढे देशीची क्वार्टर नव्हती, कारण हा 'इंग्लिश'चा बार, परमिट रूम. देशीचं दुकान वेगळं, परवाना वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. हा भेद मुंबईकरांना सांगून कळत नाही, पण आमच्याकडे कुठल्या दारातून आत शिरतोस यावर गावात तुझी पत ठरायची.

परमिट रूम या शब्दाची गंमत मला मोठेपणी कळली. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९चा. तो आजही रद्द झालेला नाही, २०११मध्ये फक्त नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं. म्हणजे कागदावर आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो, आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला तेवढी सूट. एका दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन, वर्षाचा शंभर, आणि हजार रुपयांत आजन्म. कायद्याची मूळ कल्पना अशी, की हा माणूस प्रकृती सांभाळण्यासाठी पितो. बिअर-वाइनला वय एकवीस, त्यावरच्या मालाला पंचवीस. बंदरच्या म्हाताऱ्यांनी मला काउंटरखालून एक-दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक काढून दाखवलं. बस-तिकिटासारखी पानं, मालकाच्या अंगठ्याला कडेने पिवळी पडलेली. दिवसाअखेर त्यावर नावं चढवायची असतात. "नावां कोणाची घालतास?" मी विचारलं. ते हसले. त्यांच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मी इथे लिहीत नाही. पण आमच्या गावात प्रकृतीची काळजी घेणारे लोक बरेच आहेत.

त्यांनी मला सकाळी साडेदहाला काही घेऊ दिलं नाही. बांगड्याचं तिखलं आणि दोन पाव आणून ठेवले. तिरफळं घातलेलं, रस्सा अंगापुरता, बांगडा एवढा ताजा की काट्यापासून सुटायला जरा वेळ घेत होता. मला विचाराल तर हे बार चाळीस-पन्नास वर्षं टिकले त्यात बाटलीचं कर्तृत्व कमी आहे. बाटली सगळीकडे तीच. मासा मात्र होडीतून उतरला की लिलावात जायच्या आधी यांच्या मागच्या दारी यायचा. तारली, पेडवे, ज्याला बाजारात भाव नाही ते सगळं इथे तव्यावर पडायचं. मागचं दार सोड्यासाठी होतं असं मला लहानपणी वाटायचं. ते खरं माशांचं दार होतं.

आणि उधारी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने होड्या वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या, आणि माणसं रिकामी. या दोन महिन्यांत बार उधारीवर चालतो. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात गेला, होड्या आत गेल्या, की वसुली सुरू. मधे श्रावण येतो, तेव्हा निम्मे जण बंद ठेवतात, म्हणून त्याच्या आधीच्या अवसेला गटारी. मालक म्हणाले, त्यांच्या वडिलांनी एका खलाश्याची उधारी अकरा वर्षं चालवली. दर पावसाळ्यात चढायची, दर दिवाळीला उतरायची, पूर्ण कधी फिटली नाही. "फिटली आसती तर तो दुसऱ्याकडे गेलो आसतो," असं वर.

चोवीस रिकाम्यांचा विषय मी काढला. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. मग मुलाला म्हणाले, मागे बघ. मुलगा मागे गेला, डबे वाजले, आणि तो एकच बाटली घेऊन आला. जाड, हिरवट काचेची, मानेशी चिमटा घेतलेली, आत गोटी. धुळीने भरलेली. "ही ने. तेवीसचा काय ता मेल्यावर बघू."

बाकीचे भराभर सांगतो, कारण सांगण्यासारखं कमी आहे. स्टँडमागचा बार जाऊन तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलंय. कॅम्पातला चालू आहे, पण वातानुकूलित झालाय. निळे दिवे, काचेचं दार, आणि कार्डावर शेजवानचे सतरा प्रकार. समुद्र हाकेवर आणि हा माणूस गोठवलेली कोळंबी तळतोय. मी एक बिअर घेऊन उठलो. मठचा बंद. परुळ्याला ९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि मालकाच्या मुलाने बार बंद करून त्याच घराचा होमस्टे केला. भिंतीवर त्याने बाबांच्या वेळचा एक लाकडी खोका टांगलाय, आत मनीप्लांट. पर्यटक त्याचे फोटो काढतात. शिरोड्याला दोनदा गेलो, दोन्ही वेळा कुलूप.

हायवेवरच्या तिघांची गोष्ट मात्र एकच आहे. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिल २०१७पासून. आदल्या दिवशी, ३१ मार्चला, वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी हे अंतर दोनशेवीस मीटर केलं. झारापच्या मालकाने मला सांगितलं की त्या संध्याकाळी तो मुलाच्या शाळेतली मोजपट्टी घेऊन दारापासून डांबरापर्यंत चालला. सदतीस मीटर. मग मागच्या शेताकडून फिरून मोजलं. एकशे दहा. म्हणे तिथे बसूनच हसू आलं. निकालामागचं कारण खरं होतं, दारू पिऊन गाडी चालवणारे आमच्या रस्त्यावर कमी नव्हते, आणि मीही पाहिलेत अपघात. पण तो माणूस दोष कुणाला देईल? पुढच्या वर्षी न्यायालयाने ग्रामपंचायत हद्दीतलं राज्यांवर सोपवलं, पुष्कळ जण परत उघडले. झारापचा उघडला. कुडाळचा उघडण्याआधीच चौपदरीकरणात गेला. त्याचं काउंटर जिथे होतं तिथून आता मालवाहू ट्रक जातात. बांद्याच्या मालकाने शाकाहारी थाळी सुरू केली आणि ती जोरात चालते, हे ऐकून बाबा फोनवर मनापासून खूश झाले.

झारापवाला आता वेगळ्याच हिशेबात अडकलाय. परमिट रूमवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, परवाना शुल्क वाढलं, २०२५मध्ये उत्पादन शुल्कही. १४ जुलै २०२५ला राज्यभर बार बंद ठेवले होते, त्यात त्यानेही कुलूप लावलं. "आयुष्यात पैलोच ड्राय डे, जो मी सोता पाळलंय," म्हणाला. गिऱ्हाईक काउंटरवर भाव विचारतं, मान हलवतं, आणि वाइन शॉपमधून क्वार्टर घेऊन गाडीच्या टाकीवर ठेवून पितं. किंवा वीस-पंचवीस किलोमीटर खाली गोव्यात जातं.

आता काकी.

वहीत तेवढ्या एकाच बारला माणसाचं नाव आहे. शिरोडा रस्त्याला आत वळून, काजूच्या बागेत घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे बार. पाटी एवढी लहान की नवख्या माणसाला दिसू नये. दिसावी अशी काकींची इच्छाही नाही. काका गेल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला. आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात. काउंटरवर बसून त्या कापसाच्या वाती वळत होत्या. मांडीवर कापूस, बाजूला भस्माची वाटी, एक वात झाली की बिलांच्या टाचणीशेजारच्या डबीत. मधेच एक जण "काकी, नाइंटी" म्हणायचा. त्या वात पूर्ण करायच्या, हात पदराला पुसायच्या, मग उठायच्या. कुणाला घाई नव्हती. भिंतीवर गणपती, त्याच्याखाली वयाची सूचना लिहिलेली पाटी, आणि तिच्याखाली एक लाकडी फळी, तिला ओळीने खिळे. खिळ्यांवर दुचाकींच्या चाव्या.

चाव्यांची पद्धत अशी: आत आल्यावर किल्ली खिळ्यावर. दुसऱ्या क्वार्टरनंतर ती किल्ली काकी काढून गल्ल्यात टाकतात. मग तुम्ही चालत जा, नाहीतर घरून कुणाला बोलवा. बोलवायचा त्रासही त्याच वाचवतात, फोनमध्ये सगळ्यांच्या बायकांचे नंबर आहेत. मी गेलो त्या संध्याकाळी एक पोरगा, तिशीतला, किल्लीसाठी अर्धा तास विनवत होता. काकी वाती वळत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आवशीक इचार." पोरगा गप्प झाला. त्याचे वडील माझ्या वर्गातल्या एकाचे थोरले भाऊ. तो वर्गातला मुलगा चाळिशीच्या आत पिऊन गेला. या बारांबद्दल लिहिताना सगळं कौलारू आणि गोड होऊन जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. आमच्या बॅचचे दोघे असे गेले. बाबांचा सोडा त्यांनीही प्यायलाय.

मी नाव सांगितल्यावर काकींनी वात खाली ठेवली. पेडव्यांचं सुकं आलं, सोलकढी आली, ओल्ड मंकची नाइंटी आली. किल्ली आधीच खिळ्यावर होती.

"तुझो बापूस," त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्सां इलो, माझ्याकडे कधी चाय सुद्धा घेतल्यान नाय. मी तेच्यासाठी येगळो पेलो ठेवलेलंय. स्टीलचो. तरी नाय. मागच्या दाराचो उंबरो वलांडूक नाय कधी." मग थोडं थांबून, "एकदाच वलांडल्यान."

काका गेले ते ऑक्टोबर १९९४मध्ये, संध्याकाळी, हार्ट अटॅक. थोरला मुलगा मुंबईला. तेव्हा कोकण रेल्वे नाही, ती पूर्ण धावली १९९८ला. तार-फोन होऊन तो रातराणीने निघाला तरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी पोचत नव्हता. घरात सगळ्यात मोठी खोली बारची. चार टेबलं जोडली, त्यावर काकांना ठेवलं. आणि बर्फ? बाबांचा टेम्पो त्या दिवशी सोडा टाकून परतीला निघाला होता. त्यांना रस्त्यात कळलं. ते बंदरावरच्या बर्फ कारखान्यात गेले, लाद्या घेतल्या, गोणपाटात बांधून परत आले. पुढच्या दाराने आत शिरले, कारण लाद्या मागच्या दारातून वळत नव्हत्या. आणि रात्रभर तिथेच बसले. बर्फ वितळला की पाणी पुसायचे, नवा तुकडा सरकवायचे. माळ गळ्यात, बाजूला बाटल्यांचं कपाट. पहाटे हरिपाठ म्हणाले. काकी म्हणाल्या, "त्या रातीक बारात चार-पाच गिऱ्हाइकां पण होती, घराक जावक कोणी तयार नाय. तीच मागसून म्हणी होती. निम्म्यांका येय होतो."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, बाबा रात्री आले नाहीत तर टेम्पो पंक्चर झाला असेल एवढंच वाटलं असणार. वही पिशवीतच होती. काढली. ऑक्टोबर ९४. काकींच्या नावापुढे सोड्याचे दोन खोके, नेहमीसारखे. खाली बाबांच्या बारीक अक्षरात 'बर्फ ४'. पैशाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

ती नाइंटी संपायला मला बराच वेळ लागला. घेतली एकच, पण त्यांनी मलाही चालत पाठवलं. गाडी सकाळी नेली.

तिसऱ्या दिवशी आरोंदा. तिथला बार या महिन्यात बंद होणार. मालक एकटा आहे, मुली लग्न होऊन गेल्या, परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही असं ठरवलंय. टेबलं शाळेला देतोय. त्याने मला खिडकीतून तेरेखोलची खाडी दाखवली आणि म्हणाला, धंदा या खाडीने दिला आणि पलीकडच्या काठाने नेला. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. १९६१च्या डिसेंबरपर्यंत तिथे पोर्तुगीज होते, इकडे दारूबंदी, तिकडे नाही, आणि मधे फक्त एवढंसं पाणी. अंधारात होडी कुणाची, माल कुणाचा, याच्या गोष्टी आरोंद्यात प्रत्येक घरात आहेत आणि प्रत्येक घरात त्या शेजाऱ्याच्या आजोबांच्या असतात.

आता पूल आहे. पाच मिनिटांत पलीकडे. माझ्या ऑफिसातल्या पोरांना गोव्याचा बार म्हटला की बागा बीचवरचं टिटोज आठवतं. तेही १९७१पासून आहे, म्हणजे जुनंच म्हणायचं. पण पेडण्याच्या बाजूला अजून रस्त्याकडेचे तावेर्न आहेत. एक बाक, एक काउंटर, एक कपाट, काचेची बरणी, त्यात तळलेले सुंगट, म्हणजे कोळंबी, किंवा उकडलेली अंडी. पडदा नाही! हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. बाजाराची पिशवी घेऊन एक आजोबा आले, उभ्याउभ्या फेणीचा एक पेग घेतला, सुटे पैसे ठेवले, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी भाव केला आणि गेले. लपायचं काही नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मिनिटं पाठ रस्त्याकडे करूनच उभा होतो.

हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, विचारला तर मालक हसला. तो मार्च ते मेमध्ये, बोंडू, म्हणजे काजूची फळं, उतरतात तेव्हा. नोव्हेंबरात फेणीच. तिला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६मध्ये गोव्याने वारसा पेयाचा दर्जा दिला. आणि इथे एक गोष्ट मला लहानपणापासून टोचते. काजूच्या वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती आमच्या गावातल्या फळ संशोधन केंद्राने काढल्या. कलमं सगळीकडे गेली. पण बोंडवांचा रस गाळून भट्टी लावायची सोय खाडीच्या त्या बाजूला आहे, या बाजूला नाही. आमच्याकडे बी काढून घेतात आणि बोंडू झाडाखाली कुजतो. मे महिन्यात वेंगुर्ल्याला काजूच्या बागेतून चाललात तर येणारा तो आंबूस वास म्हणजे न झालेली फेणी.

परत येताना सीमेवर गाडी अडवली. नेहमीचं आहे, गोवा बनावटीची दारू शोधतात. डिकीत एक रिकामी सोड्याची बाटली आणि एक वही. साहेबांनी बाटली उन्हात धरून पाहिली, गोटी खडखडवली, खाली ठेवली. वही उघडली. अकरा बारांची यादी, पुढे आकडे. त्यांचा चेहरा बदलला. "हे कसले आकडे? मटका?" मी म्हटलं सोडा. "कुठल्या साली?" म्हटलं, ९४. त्यांनी चार पानं उलटली, मग बाजूच्या शिपायाला हाक मारून दाखवली, आणि दोघं सोड्याचा तेव्हाचा भाव बघत राहिले. माझ्यामागे सात गाड्या थांबल्या होत्या.

त्या रात्री गावाजवळ जत्रा होती. त्रिपुरी पौर्णिमा झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतात, सोनुर्लीची लोटांगणाची नुकतीच होऊन गेली होती. लोक विचारतात, सिंधुदुर्गात नाइटलाइफ काय? ही. अकराला बारांची शटरं खाली येतात आणि आतली माणसं झुलत झुलत देवळाकडे निघतात. मांडवात दशावतार. पेटीवाला, पखवाज, झांज. आधी गणपती, मग संकासूर येऊन पोरांना घाबरवणार, आणि मुख्य आख्यान लागेपर्यंत एक वाजणार. खाज्याची दुकानं, आल्याचा वास, भट्टीवर उकळता चहा, आणि शेवटच्या रांगेत बारातलं आख्खं टेबल, जसंच्या तसं, त्याच क्रमाने बसलेलं. राजा तलवार उपसून ओरडला की ते जागे होतात, दाद देतात, परत मान टाकतात. बाबा जत्रेत लिंबू-सोड्याचा स्टॉल लावायचे. रात्री तीन वाजता सगळ्यात जास्त खप. ते का, हे मला त्या रात्री मागच्या रांगेत बसल्यावर कळलं.

पहाटे घरी आलो. बाबा उठलेले होते, पडवीत. गुडघे धरलेत, बसले की उठायला वेळ लागतो. मी बाटली पुढे ठेवली. काही बोलले नाहीत. उजेडाकडे धरली, गोटी फिरवली, नखाने तोंडाची कड चाचपली. "वायसर गेलो," म्हणाले. मग वही मागितली, चष्मा शोधला, बंदरच्या ओळीवर चोवीस खोडून तेवीस केले आणि शेजारी आजची तारीख घातली. मी अकराही ठिकाणांचा हिशेब सांगितला. शाकाहारी थाळीचा परत एकदा सांगायला लावला.

मग मी काकींचं विचारलं. ९४ सालचं. बर्फाचं.

बाबा बाटलीत माती-पाणी घालून ब्रश फिरवत होते. फिरवत राहिले. पाणी ओतलं, परत भरलं.

"पाच लाद्यो घेतलेलंय," म्हणाले. "पाचवी वाटेतच वितळली. म्हणान चार लिवलंय."